साप्ताहिक धाव आणि शेजारधर्म
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संघाच्या चिटणीसांनी ‘आरोग्य आणि संघटना’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आमचा थोडा गोंधळ उडाला. आम्ही ना वैद्य, ना संघटक. आयुष्यभर मुलांची हजेरी घेतली, पाढे घोटवून घेतले आणि वयोमर्यादेनुसार निवृत्त झालो. परंतु चिटणीसांनी खुलासा केला की, आम्ही दर रविवारी सकाळी शेजारच्या मंडळींबरोबर धावावयास जातो ही वार्ता त्यांच्या कानी आली असून, संघानेही ज्ञातीचा असा एक स्वतंत्र धावगट काढावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. त्या सूचनेस एखाद्या अनुभवी माणसाने दुजोरा द्यावा, ही त्यांची अपेक्षा. साठी उलटल्यावर धावणारा दुसरा कोणी त्यांस आढळला नसावा! असो. आरंभीच स्पष्ट सांगणे बरे : त्या सूचनेस आम्ही दुजोरा देणार नाही. का देणार नाही, आणि तिच्याऐवजी काय करावे असे आम्हांस वाटते, हे सांगण्यासाठी मात्र आपला थोडा वेळ घेतो.

प्रथम आमच्या गटाची हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही ठाण्यास वर्तकनगरात राहतो. निवृत्तीनंतर मधुमेहाने आमच्या घरी बिऱ्हाड केले आणि वैद्यांनी रोज चालण्याची ताकीद दिली. २०१७ साली एका रविवारी असेच चालत असता वीस-पंचवीस माणसांचा एक घोळका हसत-बोलत, संथपणे धावत आमच्या शेजारून गेला. त्यांतील एका तरुणीने मागे वळून म्हटले, “काका, येता का? आम्ही काही फार पळत नाही.” त्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर जेमतेम शंभर पावले धावलो असू, पण पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, आणि तेव्हापासून आजतागायत, २०२० सालच्या टाळेबंदीचा काळ वगळता, जात आहोत. पहाटे सहा वाजता नाक्यावर जमावयाचे, पोखरण रस्त्याने उपवन तलावापर्यंत जावयाचे, तलावाच्या काठाने फेरी मारावयाची आणि परतावयाचे. एकंदर पाच किलोमीटरांच्या आसपास रपेट होते. शेवटी टपरीवर चहा. गटाला अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, घटना नाही. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावरून ढग खाली उतरतात, रस्ते निसरडे होतात; तेव्हा धावण्याचे चालणे होते, पण जमणे चुकत नाही.

आपल्यांतील काही वडीलधारी मंडळी म्हणतील, हे पाश्चात्यांचे खूळ आहे. त्यांस आम्ही एक आठवण देऊ इच्छितो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेड्यापाड्यांतील गडी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यांच्या खटपटीने १९२० साली भारताचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. तेथील मॅरेथॉन शर्यत त्यांनी सुमारे २ तास ५१ मिनिटांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. तेव्हा धावणे आपल्या मातीला नवे नाही. नवे असेल तर एवढेच की, पूर्वी माणूस शेतावर, डोंगरावर, बाजाराला पायी जात असे, आणि आज आपण दिवसभर खुर्चीवर बसून, संध्याकाळी गाडीत बसून, रात्री दूरचित्रवाणीपुढे बसतो. जे श्रम पूर्वी पोटासाठी घडत, ते आता ठरवून करावे लागतात.

धावावे किती, हाही प्रश्न विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, अथवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा. आणि पासष्टीपुढील माणसांनी त्याच्या जोडीला तोल सांभाळण्याचे व स्नायू बळकट करण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत. हा हिशेब मांडला की ध्यानात येईल, रविवारची एक धाव पुरेशी नाही. मग तिचे महत्त्व काय? खेड्यांतील आठवडी बाजाराचे जे महत्त्व, तेच. बाजार एक दिवस भरतो. पण त्याच्यासाठी उरलेले सहा दिवस माणूस काही पिकवितो, काही जोडून ठेवतो. रविवारी चारचौघांत लाज वाटू नये म्हणून आम्ही मंगळवारी व गुरुवारी निमूटपणे चालून येतो. एकट्याने केलेला निश्चय पहिल्या पावसाच्या सरीत वाहून जातो. नाक्यावर कोणी वाट पाहत आहे हे ठाऊक असले की माणूस अंथरूण सोडतो.

नव्याने आरंभ करणाऱ्यांस आमचे सांगणे थोडके आहे. एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. असे काही आठवडे गेल्यावर धावण्याचा भाग हळूहळू वाढवावा. बूट मापाचे असावेत. आमच्यासारख्या मधुमेह्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी. आणि गतीची कसोटी एकच : शेजाऱ्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागून शब्द तुटू लागले की, गती जास्त झाली असे समजावे. ह्या कसोटीत आरोग्याचे शास्त्र आहे तसे सौजन्यही आहे. कारण बोलत धावावयाचे म्हणजे सोबतीच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागते.

बंधुभगिनींनो, आता आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत ती आमच्या गौरवाची नाही. आमच्या गटात एक गृहस्थ होते. वय आमच्याच जवळपासचे. रेल्वेत नोकरी केलेली असल्याने सारे त्यांस ‘रेल्वेकाका’ म्हणत. स्वभाव विनोदी. आमच्याबरोबर दोन-तीन वर्षे ते नियमाने धावले. पुढे २०२३ च्या सुमारास गटातील काही तरुणांनी मनगटावर वेळ मोजणारी घड्याळे बांधली. पाच किलोमीटर किती मिनिटांत झाले, मागच्या रविवारपेक्षा किती वाचले, ह्याची चर्चा चहाच्या वेळी होऊ लागली. आम्हीही त्या मोहातून सुटलो नाही. ह्या वयात आपण कोणाला तरी मागे टाकतो, ह्याचे एक पोरकट समाधान मनाला होई. रेल्वेकाका मात्र हळूहळू मागे पडू लागले. प्रथम पन्नास पावले, मग शंभर. चहाच्या टपरीवर ते पोहोचत तेव्हा आमचे पेले रिकामे झालेले असत. कोणीतरी थट्टेने म्हणे, “काका, तुमची गाडी आज लेट!” तेही हसत. आम्हीही हसत असू.

एका रविवारी ते आले नाहीत. आम्ही म्हटले, मुलीकडे गेले असतील. दुसऱ्या रविवारीही आले नाहीत. तेव्हा कोणी काही म्हटलेच नाही. तिसऱ्या रविवारी टपरीवाल्याने चहा गाळता गाळता विचारले, “गुरुजी, रेल्वेकाका आजारी आहेत का हो?” त्या प्रश्नाने आम्हांस चपराक बसली. छत्तीस वर्षे आम्ही रोज सकाळी मुलांची हजेरी घेतली. तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी निरोप धाडावा, हा आमचा वर्गातील नियम होता. आणि येथे तीन आठवडे एक सोबती आला नाही ह्याची नोंद घेतली ती चहावाल्याने! त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, चौकशीला जावयाचे तर कोठे, हेच आम्हांस ठाऊक नव्हते. दोन-तीन वर्षे बरोबर धावूनही त्यांचे आडनाव व घर आम्हांपैकी कोणी विचारले नव्हते. त्यांचा मोबाइल बंद होता. शेवटी घराचा ठावठिकाणाही टपरीवाल्यानेच सांगितला.

आम्ही दोघे-तिघे गेलो. काका घरी एकटेच होते. आम्हांस पाहून ते ओशाळले. “गुरुजी, माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांची वेळ बिघडत होती. म्हटलं, आपणच बाजूला व्हावं,” एवढेच ते म्हणाले. बोलण्याच्या ओघात कळले की, पूर्वी सहज जमणारी चढण आताशा चढवत नाही, जिना चढताना दम लागतो, आणि हे दोन-तीन महिने चालले आहे. छातीत कळ मात्र कधी आली नव्हती, म्हणून वैद्यांकडे ते गेले नव्हते. वय झाले, एवढाच अर्थ त्यांनी लावला. आणि आम्ही लावलेला अर्थ तर त्याहून वाईट होता : काका आळसावले! दुसऱ्याच दिवशी गटातील एका मुलीने त्यांस तपासणीस नेले. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा निघाला व स्टेंट बसवावे लागले. वैद्यांनी सांगितले की, वयस्कर माणसांत, विशेषतः मधुमेह्यांत, हृदयाचा विकार छातीतील कळेवाचूनही येतो. नेहमीच्या श्रमाने नेहमीपेक्षा अधिक दम लागणे हीच त्याची हाक असते. म्हणजे दर रविवारी ती हाक आमच्यामागे शंभर पावलांवरून येत होती, आणि आम्ही घड्याळ पाहत होतो.

ह्या प्रसंगानंतर आम्हांस आमच्या वर्गातील एक मुलगा आठवला. मागच्या बाकावर बसणारा, फळ्यावरचे नेहमी चुकीचे उतरवून घेणारा. त्याला आम्ही किती वेळा बोललो असू! पुढे कळले की त्याला लांबचे दिसतच नव्हते. चष्मा लागल्यावर तो वर्गात वर आला. मागे पडणारा तो आळशी, हे गृहीत धरणे हा शिक्षकांचा जुना दोष आहे. तो दोष निवृत्तीबरोबर निवृत्त झाला नाही, एवढे आम्हांस त्या दिवशी कळले.

गटात पुष्कळ चर्चा झाली. एका तरुणाने माहिती काढून आणली की, लंडनच्या बुशी पार्क ह्या उद्यानात २ ऑक्टोबर २००४ रोजी अवघे तेरा जण पाच किलोमीटर धावले, आणि त्यातून ‘पार्करन’ नावाची साप्ताहिक धाव सुरू झाली. आज ती वीसहून अधिक देशांत दर आठवड्याला विनामूल्य व स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तेथे एक चाल आहे. एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालत येतो. त्यामुळे धावणाऱ्यांत अखेरचा क्रमांक कोणाचाच नसतो, तो नेहमी त्या स्वयंसेवकाचा असतो. ही कल्पना आम्ही उचलली. आता दर रविवारी पाळीपाळीने एक जण मागे राहतो. त्यास आम्ही ‘पाठराखा’ म्हणतो. पाठराखा पोहोचेपर्यंत चहा सांगावयाचा नाही, हा नियम. जो दोन रविवार आला नाही त्याच्या घरी जावयाचे, हा दुसरा नियम. आणि त्यासाठी प्रत्येकाचा पत्ता व घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहून ठेवला आहे. वही अर्थात आमच्याकडेच आली! रेल्वेकाका आता वैद्यांच्या परवानगीने येतात. धावत नाहीत, पाठराख्याबरोबर चालतात, आणि सर्वांच्या गाड्या लेट करतात.

धावणाऱ्याला हृदयविकार होत नाही, असा भ्रम कोणी बाळगू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. अमेरिकेत जिम फिक्स नावाच्या लेखकाने १९७७ साली धावण्याविषयी एक पुस्तक लिहिले. ते अमाप खपले आणि असंख्य माणसे धावू लागली. तेच फिक्स १९८४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धावावयास गेले असता हृदयविकाराने वारले. त्यांच्या वडिलांना त्रेचाळिसाव्या वर्षीच हृदयविकाराने मृत्यू आला होता. ह्यावरून धावणे वाईट असे ठरत नाही. ठरते ते एवढेच की, घराण्यातील रोग धावून मागे टाकता येत नाही, त्याची तपासणीच करून घ्यावी लागते. चाळिशीपुढील माणसाने, आणि घरात असा इतिहास असल्यास त्याआधीही, वैद्यांचा सल्ला घेतल्यावाचून धावण्यास आरंभ करू नये.

भगिनींसाठी दोन शब्द. “आम्ही साडीत कशा धावणार?” असा प्रश्न येथील एका ताईंनी सकाळीच विचारला. बारामतीची मॅरेथॉन नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून जिंकणाऱ्या लता भगवान करे ह्यांचे नाव आपण ऐकले असेल. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांच्या जीवनावर २०२० साली चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. तेव्हा वेश आड येत नाही. परंतु लताबाई हौसेने धावल्या नव्हत्या. आजारी पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून धावल्या. त्यांचे कौतुक करताना आपण एवढे मनाशी विचारावे की, आपल्या संघातील एखाद्या माउलीवर अशी वेळ आली, तर ती आपल्याला कळेल का? कळेल तर केव्हा?

येथे आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. पूर्वी गावात ज्ञातीची पंगत बसे, तेव्हा पाटावर कोण नाही हे वाढणाऱ्याला तत्काळ कळे. संध्याकाळपर्यंत त्या घरी कोणीतरी डोकावून येई. ज्ञातीचे खरे बळ त्या डोकावण्यात होते. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, ती नजर मायेची होती तशीच धाकाचीही होती. पंगतीतून उठविणे, वाळीत टाकणे, हेही त्याच नजरेने केले. आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. आमच्या धावगटात माया आहे, पण धाक नाही. तेथे कोणी कोणास कूळ विचारीत नाही. रेल्वेकाकांचे आडनाव वहीत लिहिताना आम्हांस प्रथमच कळले. ते आपल्या ज्ञातीचे नाहीत. तपासणीस नेणारी मुलगी त्यांच्याही ज्ञातीची नाही आणि आपल्याही नाही. तिने ते विचारले नाही, आणि काकांनीही विचारले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, ज्ञातीचा धावगट काढू नये. ह्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. आपले सभासद विरारपासून पनवेलपर्यंत विखुरलेले. रविवारी पहाटे सहाला त्यांस एकत्र आणावयाचे तर मेगाब्लॉकच्या आधीची गाडी पकडावी लागेल! असा गट चार रविवार चालेल आणि मग त्याचे छापील टी-शर्ट कपाटात राहतील. साप्ताहिक गट पायी जाण्याच्या अंतरावरच टिकतो, कारण गैरहजर माणसाच्या दारापर्यंतही पायीच जावे लागते. अडल्या वेळी दाराशी येणारा तो शेजारी. त्याच्याशी नाते जोडावयाचे ते त्याच्याच गल्लीत.

मग संघाने काहीच करू नये काय? करावे, आणि पुष्कळ करावे. टी-शर्टांसाठी जो खर्च योजला आहे, त्यातून आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील मुलामुलींस धावण्याचे बूट घ्यावेत. आपल्या ज्ञातीत जे डॉक्टर आहेत त्यांनी वार्षिक संमेलनाच्या दिवशी, वधूवर-परिचयाच्या मंडपाशेजारीच, चाळिशीपुढील सर्वांचा रक्तदाब व साखर तपासावी आणि ज्यांस हृदयतपासणीची गरज आहे त्यांस तसे सांगावे. आपली परिचय-पुस्तिका आडनावांच्या क्रमाने छापली जाते. ती विभागवार छापावी, आणि प्रत्येक विभागात दोन सभासदांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे पंधरवड्यातून एकदा डोकावण्याचे काम घ्यावे. त्यांस आपण ‘पाठराखे’ म्हणू या. आणि प्रत्येक सभासदाने आपापल्या वस्तीतील धावणाऱ्या, चालणाऱ्या घोळक्यात सामील व्हावे. तेथे असा घोळका नसेल तर दोन शेजाऱ्यांस घेऊन तो सुरू करावा. ते शेजारी कोणत्या ज्ञातीचे आहेत हे पाहू नये. त्यांचे घर कोणते, एवढे मात्र पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. ती चूक आम्ही केली, ती आपण करू नये.

आमचे भाषण संपत आले. उद्या रविवार आहे आणि पाठराख्याची पाळी आमची आहे. तेव्हा आज रात्रीच्या गाडीने आम्हांस ठाण्याला परतले पाहिजे. भोजनाला थांबता येत नाही ह्याबद्दल क्षमा असावी. पंगतीत आमचा पाट रिकामा दिसेल. पण कारण सर्वांस कळले आहे, तेव्हा चौकशीला कोणी येण्याचे कारण नाही!